सोळा जर्सी आणि नव्व्याण्णव दिवसांची पिग्मी

आमच्या पोरींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी ज्या दुकानात शिवल्या, त्याचा हा रिव्ह्यू. आधी हिशोब, बाकीचं नंतर. माझा धंदाच तो.

पोरी १६. रोजचे ५ रुपये. १० जानेवारी ते १८ एप्रिल, म्हणजे ९९ दिवस. एकीनंही खाडा केला नसता तर ७,९२० जमले असते. जमले ७,१०५. परीक्षेच्या दिवसांत दोघी-तिघींनी दांड्या मारल्या, एकीच्या घरी लग्न निघालं, एकीनं पाणीपुरी खाल्ली आणि कबूलही केली. त्यातून १६ सेट शिवून घेतले, ४२० रुपये सेट, त्यात जर्सी आणि शॉर्ट्स. दोन गोलकीपरांचा रंग वेगळा, त्याचे सेटमागे ६० जादा. एकूण ६,८४०. उरले २६५. त्याचं भडंग आणि चहा झाला.

मी एका पतसंस्थेची पिग्मी एजंट. १८ वर्षं झाली. सकाळी साडेनऊला स्कूटी काढायची, सांगलीतली पन्नास-साठ दुकानं करायची, दहा-वीस-पन्नास गोळा करायचे, मशीनवर पावती काढून द्यायची. कोण रोख देतो, कोण ‘उद्या या ताई’ म्हणत आठवडा ढकलतो, सगळं तोंडपाठ. ज्या दुकानाबद्दल लिहितेय, ते माझं खातेदार नाही. एकदा विचारलं होतं. मालक म्हणाले, “ताई, आमची सगळी पिग्मी त्या मशिनीत गेलीय,” आणि कापडावर छाप बसवायच्या हीट प्रेसकडं बोट केलं. तेव्हा माझा यात दमडीचा फायदा नाही, हे धरून वाचा.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकच नको म्हणाले. गर्दी झाली तर कटिंगचे मास्तर पळून जातील अशी त्यांना भीती वाटते. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागच्या पुढं आत एक गल्ली आहे, तिथं पहिल्या मजल्यावर. जिना चढतानाच गरम कापडाचा वास येतो. ज्यांना खरंच हवंय त्यांनी आमच्या पोरी खेळत असतील तिथं येऊन विचारावं.

आता या तारखा कुठून आल्या ते सांगते, नाहीतर बाईनं ९९ दिवस कुठल्या पंचांगातून काढले म्हणाल.

आमचा क्लब-बिब काही नाही. आठवी ते अकरावीच्या पोरी, एक सर, चार बॉल, त्यातला एक कायम हवा गेलेला. माझी लेक त्यात लेफ्ट बॅकला खेळते. २०२४पर्यंत अंगावर जे असेल त्यावर खेळायच्या. एकीच्या पाठीवर मेस्सी, एकीच्या पाठीवर गणेश मंडळाचं नाव आणि खाली अध्यक्षांचा मोबाईल नंबर, एक तर भावाच्या कबड्डीच्या बनियनवर. मॅचला समोरची टीम एका रंगात उतरली की आमच्या पोरी लग्नातल्या वऱ्हाडासारख्या दिसायच्या. पास कुणाला द्यायचा तेच कळायचं नाही, असं लेक म्हणायची. ही सबब होती की खरं, ते आता कळलंय. थोडी सबब होती.

२०२५च्या जानेवारीत फुटबॉलची भारतीय महिला लीग सुरू व्हायची होती. पोरी आयडब्ल्यूएल म्हणतात. आठ टीम, प्रत्येकीशी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या. एकूण ५६ मॅच. पूर्वी सगळ्या टीम एका गावात गोळा करून महिन्याभरात लीग उरकायचे. २०२२ला भुवनेश्वर, २०२३ला अहमदाबाद. घरी-दारी खेळणं २०२३-२४पासून सुरू झालं. सरांनी डोकं लढवलं. टीम आठ, पोरी सोळा. एकेका टीमला दोघी दत्तक. चिठ्ठ्या केल्या, माझ्या पिग्मीच्या पिशवीत टाकल्या, एकेकीनं हात घालायचा. ज्या दिवशी लीग सुरू त्या दिवशी आपली पिग्मी सुरू, लीग संपली की पिग्मी बंद आणि त्या पैशांच्या जर्सी.

चिठ्ठ्या निघाल्या आणि निम्म्या पोरींची तोंडं पडली. ईस्ट बंगाल जिच्या हाती आली ती म्हणाली, काकू, बदलून द्या. आदल्या हंगामात ती टीम सातात तळाच्या घरात होती. ओडिशा एफसी मिळालेल्या दोघींनी तिथंच फुगडी घातली, कारण चॅम्पियन तीच होती. गोकुलम केरळा मिळालेल्या दोघीही खूश, १९-२०, २१-२२, २२-२३ असे तीन किताब त्यांच्या नावावर. बाकी बंगळुरूची किकस्टार्ट, मदुराईची सेतू, दिल्लीची हॉप्स. आणि श्रीभूमी नि नीता या दोन खालच्या डिव्हिजनमधून नव्यानं वर आलेल्या. नीता ओडिशातल्या कटकची, श्रीभूमी कोलकात्याची.

एका पोरीनं विचारलं, “काकू, महाराष्ट्राची कुठली?”

कुठलीच नाही. २०१६-१७च्या पहिल्या हंगामात पुण्याची टीम होती. पुढं २०१८-१९ आणि २०१९-२० असे दोन हंगाम एफसी कोल्हापूर सिटी होती. कोल्हापूर म्हणजे आमच्यापासून एसटीनं तासा-दीड तासाचं. मग मुंबईच्या टीम येऊन गेल्या. घरी-दारी खेळायला लागल्यापासून या आठांत आपलं कुणीच नाही. माझी लेक तेव्हा दुसरी-तिसरीत, तिला ती कोल्हापूरची टीम माहीतही नव्हती. मलाही नव्हती, खरं सांगते. सरांनी सांगितलं. तेव्हापासून हे मनात सलतंय. आमच्या पोरी मदुराई आणि कटकच्या टीमसाठी नवस बोलतात, आणि शेजारचं कोल्हापूर, जिथं बापाकडून पोराकडं पेठेचा फुटबॉल जातो, त्याचं नाव या यादीत नाही. असो. रिव्ह्यू जर्सीचा आहे.

पण जरा थांबा, हंगाम झाल्याशिवाय जर्सीचं कळणार नाही.

मॅच मोबाईलवर बघायच्या. मोबाईल माझा, नेट माझं, आणि खांद्यावर हनुवट्या पाच-सहा जणींच्या. तक्ता मी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवला, पिग्मीचाच रकाना. पुढच्या पानांवर किराणावाला, सायकलवाला, रसवंती, आणि मागच्या पानांवर किकस्टार्ट, सेतू, हॉप्स. एकदा एका हळद व्यापाऱ्याच्या नावापुढं ‘नीता’ लिहून बसले. त्यांनी पावती बघून विचारलं, “ह्या नीता कोण ओ?”

गोकुलमच्या रकान्यात एकच नाव परत परत. फाझिला इक्वापुट, युगांडाची. आदल्या हंगामात १३ गोल करून ती पहिली होती, या हंगामात २४. चौदा मॅचच्या लीगमध्ये २४! आमची एक स्ट्रायकर, तासगावच्या रस्त्यानं सायकलवर येते, भूगोलात कायम काठावर पास. तिनं घरचा जुना नकाशा काढून युगांडा शोधला आणि मला दाखवायला घेऊन आली. घडीवर फाटलेला होता, युगांडा नेमका घडीतच. तिनं सेलोटेप लावला होता.

ईस्ट बंगालनं मात्र सगळ्यांना गप्प केलं. कोच अँथनी अँड्र्यूज. हेच आधी गोकुलमला दोनदा जिंकवून गेलेले. गोकुलमवाल्या दोघी हंगामभर ‘आमचाच मास्तर पळवला’ म्हणून भांडत होत्या. ११ एप्रिलला कल्याणीत ओडिशाशी मॅच. ही कल्याणी बंगालमधली, आमच्या ठाण्याजवळच्या कल्याणशी संबंध नाही. हे मी तीन जणींना समजावून सांगितलं. एकच गोल झाला, दुसऱ्या हाफमध्ये, संगीता बासफोरचा. ती त्याच कल्याणीची पोर. त्या गोलानं ईस्ट बंगाल चॅम्पियन झाली. या क्लबच्या पुरुषांनी देशाची लीग शेवटची जिंकली होती २००३-०४मध्ये. २१ वर्षांनी किताब आला तो पोरींनी आणला.

आणि फुगडी घातलेल्या दोघी? ओडिशा एफसी, आदल्या वर्षीची चॅम्पियन, थेट खालच्या डिव्हिजनला गेली. सोबत हॉप्स. चॅम्पियन टीम वर्षभरात खाली जाते हे त्या पोरींना पटेचना. एक म्हणाली, “काकू, बेरीज परत करा.” मी दोनदा केली. १८ वर्षांत माझी बेरीज चुकलेली नाही.

माझा जीव मात्र श्रीभूमीवर. पहिल्याच वर्षी तिसरी आली. कोच सुजाता कर, स्वतः भारताकडून खेळलेल्या. डगआउटमध्ये बाई उभी राहून हातवारे करतेय, हे बघायलाच मी मोबाईल धरून बसायचे. लेक म्हणाली, आई, तू बॉलकडं बघतच नाहीस. बरोबर होतं.

तर १९ एप्रिलला पैशांची थैली घेऊन मी, लेक आणि आमची गोलकीपर अशा तिघी दुकानात गेलो.

मालकांनी अल्बम काढला. डिझाइनं शेकडो. वाघ, वीज, आगीचे लोळ, मराठी सिनेमाच्या पोस्टरसारखे फटकारे. पोरींना लाल-पिवळं हवं होतं. ईस्ट बंगालच्या दोघींनी हट्टच धरला होता, बाकीच्या हरल्या होत्या त्यामुळे कुणाला तोंड नव्हतं. मालकांनी बरं सांगितलं: दुसऱ्याच्या क्लबचा बिल्ला मी छापणार नाही, रंग घ्या, पट्टे तुमचे पाडा. आवडलं मला. मोठ्या कंपन्यांची चिन्हं बिनदिक्कत छापून देणारी दुकानं मी याच शहरात बघितलीत.

कापडाचं शिक्षणही तिथंच झालं. डॉट निट म्हणजे बारीक भोकांचं, हवा जाते, पण स्वस्तातलं घेतलं तर दोन महिन्यांत गोळे धरतं. जीएसएम म्हणजे वजन, कमी असेल तर ओलं झालं की आरपार दिसतं. पोरींसाठी हे महत्त्वाचं आहे आणि हे मालकांनी नाही, मास्तरांनी सांगितलं. त्यांनी दोन तुकडे पाण्यात बुडवून खिडकीच्या उजेडात धरले. एकातून समोरच्या घराचं वाळत घातलेलं लुगडं दिसत होतं, दुसऱ्यातून नाही. आम्ही दुसरं घेतलं, सेटमागे ४० रुपये वाढले. मग घासाघीस करून त्यातले २० मी कमी केले. तेवढं येतं मला.

छपाई सब्लिमेशनची. म्हणजे आधी कागदावर उलटं छापायचं, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून प्रेसमध्ये तापवायचं. शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते. वर थर बसत नाही, त्यामुळं खरवडून निघत नाही, फुटत नाही. सुती कापडावर हे होत नाही. आमच्या सरांनी ‘कॉटनच्या करा, घाम शोषतील’ असा निरोप दिला होता, तो तिथंच बाद झाला.

आता मुख्य तक्रार. मापांचा तक्ता.

भिंतीवर लावलेला होता. २६ ते ३२ ‘किड्स’, ३६ ते ४६ ‘जेन्ट्स’. संपला. आमच्या पोरी कुठं बसतात त्यात? मालक म्हणाले, “मुलींना ३४-३६ देतो आम्ही. जरा लूज असलेलं बरंच दिसतं ताई.” गोलकीपरला त्यांनी नमुन्याची ३६ची जर्सी घालायला दिली. खांदा दंडावर उतरला. लांबी मांडीपर्यंत. आणि तिनं हात वर केला, गोलकीपरच ती, दिवसभर हात वरच, तर काखेच्या घेरातून आतलं सगळं दिसत होतं. तिनं पटकन हात खाली घेतला. त्या हात खाली घेण्याकडं मी बघितलं आणि मालकांना म्हटलं, ही जर्सी घालून ही बॉल अडवील का? ही तर कापड सावरत बसेल.

मालक गप्प. आतून मशीन थांबल्याचा आवाज आला आणि मास्तर बाहेर आले. साठीचे असतील, गळ्यात टेप, कानावर खडू. म्हणाले, मालक, चार्ट बाजूला ठेवा. मग टेप त्यांनी गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. “वहिनी, माप तुम्ही घ्या. मी आकडे लिहितो. बाळ, दोन्ही हात वर कर आणि तसेच ठेव.”

आम्ही ब्लाउजला माप देतो तेव्हा हात खाली सोडून उभ्या राहतो. त्यांनी हात वर करून माप घ्यायला लावलं. खांदा एक इंच कमी, काखेचा घेर दीड इंच वर, कमरेला थोडं आत, खाली नितंबावर परत सैल, बाही कोपराच्या वर दोन बोटं. पूर्वी सर्कशीतल्या पोरींचे कपडे शिवलेत म्हणाले, झोके घेणाऱ्यांचे. “जिचं काम हात वर करायचं तिचं माप हात वर करूनच घ्यायचं.” मग सोळाही पोरींना दोन दिवसांत आणलं. मास्तरांनी चार मापं पाडली आणि त्यांना आकडे न देता खडूनं अ, आ, इ, ई लिहिलं. कुठल्याच पोरीला मी ३८ आणि तू ३४ असं चिडवायला जागा राहिली नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं की आकड्यांचा कंटाळा होता, माहीत नाही.

शॉर्ट्सचं मीच सांगितलं: पांढरी नको. मालकांनी अल्बममध्ये लालवर पांढरी दाखवली, दिसतही छान होती. मी म्हटलं, काळी करा, आतून अस्तर द्या. ते ‘कॉन्ट्रास्ट मारतो’ वगैरे सांगायला लागले. शेवटी लेकच बोलली. इंग्लंडच्या महिला टीमनं २०२३मध्ये पांढरी शॉर्ट्स सोडून निळी घेतली, पाळीच्या दिवसांत खेळाडूंना काळजी नको म्हणून. तिनं हे पुरुषांसमोर, खणखणीत सांगितलं. मालक कॉम्प्युटरकडं वळले आणि काळी केली. मला त्या वयात दुकानात जाऊन हे सांगता आलं नसतं. आजही घसा खाकरला असता.

पाठीवर नाव कुणाचं, यावर मैदानात तंटा. निम्म्यांना फाझिला, संगीता, सौम्या हवी. मी नकार दिला. पैसे तुमचे, घाम तुमचा, नाव युगांडाच्या बाईचं कशाला? तोड अशी निघाली की पाठीवर स्वतःचं नाव, मराठीत. आणि कॉलरच्या आत, मानेला जिथं लेबल असतं तिथं, आपल्या दत्तक टीमचं नाव, बारीक. घातल्यावर कुणाला दिसणार नाही.

मराठीत नाव म्हटल्यावर दुकानाची दुसरी खोड कळली. कॉम्प्युटरवरचा पोरगा मी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी कॉपी करून डिझाइनमध्ये टाकायचा आणि अक्षरं फुटायची. वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर जाऊन बसायची. ‘प्र’चा पाय मोडून ‘प’ आणि ‘र’ वेगळे. एका पोरीचं नाव असं झालं होतं की वाचलं तर शिवी. त्याला फरकच दिसत नव्हता. “दिसतंय की नीट,” म्हणाला. त्याला सवय इंग्रजी नावांची, मराठी म्हणजे मंडळाचं नाव, तेही ठरलेल्या चार फॉन्टांत साठवलेलं. शेवटी मी स्टुलावर बसून एकेक नाव त्याच्याकडून हातानं टाइप करून घेतलं. त्यात दीड तास गेला आणि माझी सहा दुकानं राहिली. तरी एक चूक निसटलीच. एकीच्या नावातला रफार गायब. जर्सी छापून झाल्यावर दिसलं. मालकांनी हुज्जत न घालता पाठीचा तुकडा उसवून नवा छापून लावला, जादा पैसे नाहीत. चार दिवस लागले तेवढे. तुमच्या ऑर्डरला मराठी नावं असतील तर प्रेसवर जाण्याआधी प्रिंट हातात मागा, मोबाईलवरच्या फोटोवर भागवू नका.

डिलिव्हरी ५ मेची सांगितली होती, मिळाली १४ला. लग्नसराई, लाइट, मास्तरांचा भाचा, सगळी कारणं झाली. नऊ दिवस उशीर. मी पिग्मीत एवढा उशीर केला तर लोक दारात येतील.

आता दोन महिने वापरून झाल्यावरचं सांगते, कारण नवीन जर्सी सगळ्यांच्याच चांगल्या असतात. जूनपासून आमच्याकडं काळ्या मातीचा चिखल. वाळला की फरशीसारखा, ओला असला की बूट सोडत नाही. आठवड्याला दोन-तीन धुणी झाली. लाल-पिवळा जसाच्या तसा. नंबर तसाच. शिवण एकीचीच उसवली आणि ती तिला मागून ओढल्यामुळं, त्यात मास्तरांचा दोष नाही. पिवळ्या पट्ट्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. सांगलीत राहून हळदीचा डाग चुकत नाही, डब्यातल्या वरणाचा थेंब पडला तरी पिवळ्यात जिरून जातो. काळ्या शॉर्ट्सचं इलॅस्टिक मात्र सुमार. चौघींचं ढिलं पडलं, मी घरी नाडी ओवून दिली. ऑर्डर देताना इलॅस्टिकसोबत नाडीही मागा, दहा रुपयांत काम होतं.

कॉलरच्या आतली नावं सब्लिमेशनची नव्हती, वरून चिकटवलेली होती. ती घामानं सुटायला लागली. सगळ्यात आधी कुणाची सुटली? ओडिशाची. पाचव्या धुण्याला. निव्वळ योगायोग, पण पोरींनी त्या दोघींना जगू दिलं नाही. मग हॉप्सची गेली तेव्हा मात्र मलाही हसू आवरलं नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, आणून द्या, परत प्रेस करून देतो. अजून नेलेली नाहीत. त्या दोघी नको म्हणतात.

५ जुलैची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, मी साबुदाणा भिजवत होते. थायलंडमध्ये चिआंग माईला भारताची आशियाई कपाच्या पात्रतेची शेवटची मॅच, यजमानांशीच. लेकीनं मोबाईल डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. भारत २-१नं जिंकला आणि २०२६च्या कपात गेला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. २०२२ला हाच कप आपल्याकडं होता, मुंबई-पुण्यात. तेव्हा कोरोनानं टीमच उभी राहिली नव्हती आणि नाव मागं घ्यावं लागलं होतं. दुसऱ्या गोलाला लेकीनं जी उडी मारली त्यात साबुदाण्याचं पातेलं गेलं. अर्धा किलो ओट्यावर, फरशीवर, मोबाईलवर. भरायच्या आधीच दाराची बेल. ईस्ट बंगालवाली, पावसात सायकल मारत, जर्सी उलटी घालून आलेली. आतली बाजू बाहेर. कॉलरवरचं नाव दिसावं म्हणून.

तर असं. कापडाला, छपाईला आणि माणुसकीला पैकीच्या पैकी. मास्तरांना त्याहून जास्त. वेळेला पाचात दोन. मराठी टायपिंगला एक, तोही मी स्टुलावर बसले म्हणून. दर सांगलीत यापेक्षा कमी मिळतात, ३०० रुपयांतही सेट मिळतो, पण हात वर करून माप कुणी घेत नाही. कमीत कमी १५ सेट एका डिझाइनचे लागतात. अॅडव्हान्स निम्मा. ऑगस्ट लागला की मंडळांचे टी-शर्ट सुरू होतात, मग गणपती जाईपर्यंत जर्सीचं नाव काढू नका. भिंतीवरचा तक्ता अजून तोच आहे, मागच्या आठवड्यात बघून आले. मास्तरांच्या मशीनजवळ मात्र अ, आ, इ, ई लिहिलेला पुठ्ठा खिळ्याला अडकवलाय.

गेले होते कारण आमच्यात दोन नव्या पोरी आल्यात. जुनी फाइल त्यांच्याकडं आहे, सुटा सेट ५०० घेतात. लीगमध्येही गेलेल्या दोघींच्या जागी दोन नव्या टीम वर आल्यात, दिल्लीची गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा. चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या होत्या, पण नवीतली धाकटी म्हणाली, काकू, गोवा जवळ आहे, मला तेच द्या. दिलं.